न्यू ग्रेटना की वॉन्चीज? मार्लिनमागे धावणारी नौका कुणाकडून घ्यावी

न्यू जर्सीत पंचवीस वर्षं काढून, दोन्ही मुलींची शिक्षणं उरकून आमच्या एका मित्राने धंदा विकला आणि जाहीर केलं, की आता परक्याच्या नौकेवरून गळ टाकायचा नाही. मूळचा वेंगुर्ल्याचा आहे. चौघांत मिळून चार्टर नौका ठरवायची, रात्री दोनला निघायचं आणि उजाडता उजाडता हडसन कॅन्यन या समुद्रातल्या खोल दरीच्या काठावर पोचायचं, हा आमचा बारा उन्हाळ्यांचा क्रम. आता त्याला स्वतःची नौका हवी होती आणि गाडी दोन गावांत अडकली होती. न्यू जर्सीतल्याच न्यू ग्रेटनाच्या ‘व्हायकिंग’ कंपनीची नौका घ्यावी, की नॉर्थ कॅरोलायनात वॉन्चीजला जाऊन एखाद्या यार्डाकडून, म्हणजे नौका बांधणाऱ्या छोट्या कारखान्याकडून, हवी तशी बांधून घ्यावी? ‘तू इंजिनियर, तू सांग’ म्हणून त्याने काम माझ्यावर ढकललं. सहा महिने मी याच नादात होतो. घरात त्यावरून बरंच ऐकून घेतलं.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, कारण ‘यॉट’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे सोफे आणि शॅम्पेन येते. इथे हिला ‘स्पोर्टफिश’ किंवा ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. लांबी साधारण पन्नास ते नव्वद फूट. पुढे उंच नाळ, म्हणजे नौकेचं टोक, मधे बसायची खोली, स्वयंपाकघर आणि निजायच्या खोल्या, वर फ्लायब्रिज, म्हणजे कॅप्टनची जागा, त्याच्याही वर अ‍ॅल्युमिनियमचा टॉवर. आणि सगळ्यात मागे, पाण्यापासून हातभर उंचीवर, एक मोकळं अंगण: कॉकपिट. बाकी सगळी नौका या अंगणासाठी असते. मोठा मासा लागला की कॅप्टन दोन्ही इंजिनं उलटी फिरवून नौका मागे मागे नेत माशावर जातो, मागून लाट आत येते, खुर्चीत बसलेला माणूस कमरेपर्यंत भिजतो आणि दोन खलाशी दोरी हाताला गुंडाळायच्या तयारीत उभे असतात. म्हणून ही नौका उलटी धावतानाही शहाण्यासारखी वागली पाहिजे. बाजारातल्या बहुतेक सुंदर नौका या एका परीक्षेत नापास होतात.

घराणं म्हणजे नेमकं कोण

दोन्ही गावांत घराण्याच्या मालकीचे कारखाने आहेत, पण ‘घराणं’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

व्हायकिंगची गोष्ट अशी. १९६४ साली बॉब आणि बिल हीली या दोन भावांनी बास नदीकाठचा ‘पीटरसन-व्हायकिंग’ नावाचा लाकडी नौकांचा छोटा कारखाना विकत घेतला. सत्तरच्या दशकात लाकूड सोडून फायबरग्लासवर गेले. व्याप वाढला. मग १९९१च्या जानेवारीपासून अमेरिकी सरकारने नौकेच्या एक लाख डॉलरच्या वरच्या किमतीवर १० टक्के चैनीचा कर लावला. श्रीमंतांकडून वसूल करायचा कर श्रीमंतांनी नौकाच न घेऊन चुकवला, आणि मार बसला तो सुतारांना, फायबरवाल्यांना, रंगाऱ्यांना. व्हायकिंगमधल्या कामगारांची संख्या दीड हजाराच्या आसपास होती ती शंभराच्या आत आली. बॉब हीलीने वॉशिंग्टनला खेपा घालून रान उठवलं, भावांनी घरचे पैसे ओतून दार उघडं ठेवलं. १९९३ मध्ये नौकांवरचा कर उठला. पुढे बिलचा मुलगा पॅट हीली याने कारभार हाती घेतला, आणि आता तिसरी पिढीही कारखान्यात आली आहे.

घराण्याच्या मालकीचा खरा पुरावा माझ्या लेखी हा आहे, माहितीपत्रकातले जुने कृष्णधवल फोटो नव्हेत. तिमाही हिशेबावर चालणाऱ्या कंपनीने असा कारखाना सहा महिन्यांत बंद केला असता आणि त्यात तिला कुणी दोषही दिला नसता.

नाव टिकतं आणि घराणं जातं, असंही या धंद्यात खूप झालंय. हॅटरस या नौका कंपनीची स्थापना १९५९ची, फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या हाय पॉइंट गावात विलिस स्लेनने केलेली. २००१ मध्ये ती ब्रन्सविककडे गेली, २०१३ मध्ये व्हर्साकडे, २०२१ मध्ये व्हाइट रिव्हर मरीनकडे. बर्ट्रामचं नाव २०१५ मध्ये इटलीच्या गाव्हिओ घराण्याकडे गेलं. फ्लोरिडातल्या रायबोविचची गंमत तर आणखीच वेगळी. १९१९ मध्ये वेस्ट पाम बीचला यार्ड काढलं जॉन रायबोविचने, १९४७ मध्ये तिथून उतरलेली ‘मिस शेवी टू’ ही आजच्या स्पोर्टफिशची आई मानतात, पण सत्तरच्या दशकात यार्ड विकलं गेलं. आज त्या घराण्यातला मायकेल रायबोविच आपल्या मुलांबरोबर वेगळा कारखाना चालवतो. म्हणजे आडनाव एकीकडे आणि जुनी जागा दुसरीकडे. वाईट नौका यांतली कुठलीच नव्हे. पण वीस वर्षांनी तक्रार घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, याचं उत्तर नौका घेतानाच शोधून ठेवावं.

आता वॉन्चीज. रोअनोक बेटाच्या दक्षिण टोकाला हे कोळ्यांचं गाव आहे. इथले यार्डवाले बहुतेक आधी चार्टर कॅप्टन. उन्हाळाभर ओरेगन इनलेट या समुद्रात उघडणाऱ्या चिंचोळ्या वाटेतून गिऱ्हाइकं घेऊन गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाला जायचं आणि हिवाळ्यात काम नसलं की शेडमध्ये नौका बांधायची, ही तिथली जुनी चाल. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर वॉरन ओनीलने तिथल्या समुद्राला साजेशी नौका बांधली, ओमी टिलेटसारख्या कॅप्टनांनी ती पुढे नेली. पॉल स्पेन्सरने १९९६ मध्ये स्वतःचं यार्ड काढलं, त्याचा मुलगा डॅनियल त्याच्या जोडीला आहे. जॉन बेलिसचं यार्ड २००२चं. दोघेही समुद्रावरून शेडमध्ये आलेली माणसं.

इथे घराणं म्हणजे समोर उभा असलेला माणूस. तुमची नौका त्याच्या डोळ्यांतून निघते. या किनाऱ्यावर नकाशाशिवाय, नजरेच्या अंदाजाने नौका बांधायची रीत होती. ती ऐकून मित्र म्हणाला, ‘म्हणजे आमचे वेंगुर्ल्याचे सुतार!’ अगदी तेच. आता संगणकावर आखणी होते, यंत्र प्लायवुड कापतं, पण नाळेची शेवटची वळणरेषा कुठे थांबवायची हे अजून कुणाची तरी नजरच ठरवते. याच गोष्टीत वॉन्चीजचं बळ आहे आणि जोखीमही. न्यू ग्रेटनाला एक माणूस निवृत्त झाला तर नौका तशीच निघते. इथे निवृत्त झाला तर तशी निघेल का, हे पाहावं लागतं. यार्डाच्या मालकाला सरळ विचारा, ‘तुमच्यानंतर कोण?’ चांगला माणूस रागावत नाही, शेडमधल्या कुणाकडे तरी बोट दाखवतो.

साचा आणि उलटी नौका

व्हायकिंगची नौका साच्यातून निघते. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड कोरडंच थरांवर थर अंथरतात, मधे हलका गाभा घालतात, वरून प्लास्टिक ताणून कडा सीलबंद करतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. मग नळ्या उघडल्या, की रेझिन त्या कापडातून सरकायला लागतं, वातीत तेल चढतं तसं. थर सगळीकडे सारखा बसतो, रेझिन फुकट जास्त जात नाही, आणि पाचवी नौका पहिलीसारखीच निघते. नौकेचा नव्वद टक्के भाग आपल्याच कारखान्यात बनतो असं कंपनी सांगते. कपाटं, वायरिंगचे जुडगे, टाक्या सगळं घरचं. टॉवर आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठीही तिच्याच कंपन्या आहेत.

कारखाना नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि समुद्राकडे जाताना गार्डन स्टेट पार्कवेचा पूल आडवा येतो. व्हायकिंगची ९२ फुटी नौका त्या पुलाखालून जाईना, तेव्हा लोकांनी ती पहाटे रहदारी थांबवून रस्त्यावरून पलीकडे नेली. न्यू जर्सीतल्या एडिसनहून अटलांटिक सिटीला जाताना आपण ज्या रस्त्याने टोल भरत जातो, तोच हा रस्ता.

वॉन्चीजची रीत उलटी आहे, शब्दशः. नौका पालथी बांधतात. आडवे पडदे, म्हणजे नौकेच्या आतल्या भिंती, आणि उभे आधार आधी जिग नावाच्या सांगाड्यावर उलटे बसवायचे, त्यांच्यावर ओकूमे नावाच्या हलक्या लाकडाच्या सागरी प्लायवुडच्या पट्ट्या तिरक्या चिकटवायच्या, पुढचा थर उलट्या तिरकसात, प्रत्येक थराला इपॉक्सी नावाचं घट्ट चिकटणारं रेझिन. याला ‘कोल्ड मोल्डिंग’ म्हणतात. वरून काचेचं कापड आणि पुन्हा इपॉक्सी. मग सुरू होतो तो घासकाम नावाचा छळ. दोन माणसं दोन टोकांना धरून लांब फळीवर सँडपेपर लावून आठवडेच्या आठवडे घासत असतात. मधेच एक जण तळहात फिरवतो, डोळे मिटतो, खडूने गोल काढतो, पुन्हा घासायचं. आरशासारखा रंग बसायचा तर ही पायरी टाळता येत नाही. एवढं झालं की क्रेनने नौका उलथून सुलटी करतात. त्या दिवशी मालक बायकापोरांसह हजर असतो. वास्तुशांतच म्हणा.

फरक काय पडतो? लाकूड आणि इपॉक्सीची ही जोडी वजनाच्या मानाने फार ताठ असते, म्हणून तेवढ्याच लांबीची नौका हलकी करता येते. लाकूड आवाज आणि थरथर गिळतं. चालत्या नौकेत खाली झोपलेल्या माणसाला हा फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. आणि साचा नसल्यामुळे लांबी चार फुटांनी वाढवा, कॉकपिट मोठं करा, स्वयंपाकघर वर आणा, काहीही मागा. व्हायकिंगमध्ये लाकडाचा रंग, खोल्यांची मांडणी, इंजिन, उपकरणं निवडता येतात, पण पडदे जिथे आहेत तिथेच राहतात.

पण लाकूड ते लाकूड. एका ओळखीच्यांनी वापरलेली कोल्ड-मोल्डेड नौका घ्यायची ठरवली तेव्हा मी सर्व्हेला, म्हणजे घेण्याआधीच्या तपासणीला, गेलो होतो. सर्व्हेअर म्हणजे साठीचा बुटका गृहस्थ, हातात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी. कॉकपिटच्या काठावरून ठोकत चालला होता. टक, टक, टक, एकाच सुरात. उजव्या कोपऱ्यात शिडीच्या पट्टीजवळ एकदम ‘थप्प’. तो थांबला, दोन इंच मागे गेला: टक. पुढे: थप्प. आर्द्रतामापक लावला, काटा टोकाला. मधल्या कुठल्यातरी मालकाने ती पट्टी बसवताना सरळ ड्रिल मारून स्क्रू पिळले होते, भोकात इपॉक्सी भरलीच नव्हती. चार स्क्रूंमधून आठ-दहा वर्षं थेंब थेंब पाणी प्लायवुडमध्ये जात राहिलं. कुठल्या यार्डाची नौका ते सांगत नाही, कारण चूक यार्डाची नव्हतीच. फायबरग्लासच्या नौकेतही गाभ्यात पाणी शिरतं, तिथेही हाच हातोडीवाला लागतो. पण लाकडी नौकेवर ज्याला त्याला ड्रिल हातात घेऊ देऊ नये, एवढं मालकाला कळायला हवं. आमच्या मित्राला घरात खिळा दिसला की त्यावर कॅलेंडर टांगायची सवय आहे, हे मी विसरलो नाही.

कुठला समुद्र

ओरेगन इनलेटच्या तोंडाशी वाळूचा बांध सतत जागा बदलत असतो, आणि बाहेरून येणारी लाट ओहोटीच्या धारेवर आपटली की ती उभी राहते. तिथल्या नौकांची नाळ खाली धारदार आणि वर जाता जाता बाहेर पसरलेली असते ती याचसाठी. खालची धार लाट कापते, वरचा पसारा उडालेलं पाणी बाहेर फेकतो. याला ‘कॅरोलायना फ्लेअर’ म्हणतात. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत गाजलेल्या बर्ट्रामचा तळ मागेपर्यंत खोल इंग्रजी व्हीसारखा, २४ अंशांचा होता. कॅरोलायनाचा तळ मागे जाता जाता सपाट होत जातो. त्यामुळे संथ चालत आमिष ओढताना नौका कमी डोलते. लाटेच्या तोंडावर जोरात जाताना मात्र खोल तळ बरा.

हल्लीच्या व्हायकिंग या दोन्हींच्या मधल्या वाटेने जातात, आणि खरं सांगायचं तर सत्तर फुटांच्या वर हा वाद बराचसा गप्पांपुरता उरतो. आता बहुतेकांच्या पोटात जायरो असतो, एक जड चाक निर्वातात गरगर फिरत राहतं आणि डोलणं बरंच मारून टाकतं. ज्यांनी तो नसलेल्या नौकेवर पोह्यांचा डबा उघडलाय त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी माझे सगळे पोहे कॉकपिटभर झाले होते, लिंबासकट.

तुम्ही कुठून निघणार हे जास्त महत्त्वाचं. ओरेगन इनलेटहून गल्फ स्ट्रीमचा काठ तीस-चाळीस मैल. न्यू जर्सीहून कॅन्यन सत्तर ते शंभर मैल. म्हणजे आपल्याला वेग, इंधनाची टाकी आणि रात्री नीट झोपायची सोय लागते, कारण बरेचदा मुक्काम समुद्रातच होतो.

इंधनाचा हिशेब घरीच करून बघा. डिझेल इंजिन ढोबळमानाने दर वीस अश्वशक्तीला तासाला एक गॅलन पितं. दोन इंजिनं, दोन-दोन हजार अश्वशक्तीची, तीन-चतुर्थांश जोरावर: तीन हजार अश्वशक्ती, म्हणजे तासाला १५० गॅलन. तीस नॉटने ९० मैल जायला तीन तास, ४५० गॅलन, परतीचे तेवढेच, दिवसभर संथ फिरून आमिष ओढायचे वेगळे. एका फेरीला हजार गॅलन, म्हणजे जवळपास ३८०० लिटर. गॅलनला साडेचार डॉलर धरले तर साडेचार हजार डॉलर, आणि मासा लागेल याची हमी नाही. मित्राला हा आकडा दाखवला तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘चौघांत वाटू.’

हलक्या नौकेला तोच वेग लहान इंजिनांवर मिळतो. वॉन्चीजवाले हे हमखास सांगतात आणि त्यात तथ्य आहे. फक्त मालक लोक बहुतेकदा तेच मोठं इंजिन बसवून वेग वाढवतात, त्यामुळे बचत कागदावरच राहते.

लांबी ठरवताना आणखी एक गोष्ट, जी विक्रेता स्वतःहून बोलत नाही. राइट व्हेल या दुर्मीळ देवमाशासाठी २००८ पासून अमेरिकेत नियम आहे, की ६५ फूट आणि त्याहून लांब नौकांनी ठरलेल्या पट्ट्यांत ठरलेल्या महिन्यांत दहा नॉटच्या वर जायचं नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या तोंडाशी नोव्हेंबर ते एप्रिल हा पट्टा लागू असतो. २०२२ मध्ये ही लांबीची मर्यादा ३५ फुटांपर्यंत खाली आणायचा प्रस्ताव आला, नौकावाल्यांनी जोरदार विरोध केला, त्यात व्हायकिंग पुढे होती, आणि २०२५ च्या जानेवारीत तो मागे घेतला गेला. जुना नियम आहे तसाच आहे. उन्हाळ्यातच जाणार असाल तर फरक पडत नाही. पण नोव्हेंबरात ट्यूनाच्या मागे जायचं असेल, किंवा हिवाळ्यासाठी नौका फ्लोरिडाला न्यायची असेल, तर चौसष्ट आणि बहात्तर फुटांमधला फरक नुसता आठ फुटांचा नाही.

पैसा, कागद, वाट पाहणं

किमती दोन्हीकडे कित्येक दशलक्ष डॉलरच्या. त्यात शिरत नाही, कारण इंजिन आणि उपकरणांवर आकडा इतका हलतो की सांगण्यात अर्थ नाही. रीत मात्र समजून घ्यावी.

व्हायकिंग विक्रेत्यामार्फत मिळते. किंमत ठरलेली, यादी ठरलेली, कारखान्याच्या रांगेत तुमचा क्रमांक ठरलेला. कधी विक्रेत्याने आधीच आरक्षित केलेली नौका उभी असते आणि फक्त रंगरूप तुम्ही ठरवता. जुनी नौका देऊन मोठी घ्यायची सोय असते. बरेच मालक असेच चार-पाच वर्षांनी एकेक पायरी चढत जातात. बिघाड झाला तर न्यू ग्रेटनाला एक आणि फ्लोरिडात रिव्हिएरा बीचला एक, अशी कंपनीची स्वतःची सेवाकेंद्रं आहेत.

वॉन्चीजला बरेचदा ‘लागेल तो वेळ आणि लागेल तो माल’ या हिशेबाने बिल होतं. यार्ड अंदाज देतं, दर महिन्याला किंवा टप्प्याटप्प्याने बिल येतं. दोन वर्षं धरा, कधी तीन. ज्यांनी पुण्यात बंगला बांधलाय त्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येक ‘एवढं करूनच टाकू’ची किंमत असते, आणि ते तुम्हीच म्हटलेलं असतं. तेव्हा करारात तीन गोष्टी बघा. हप्ते भरताना अर्धवट नौका कायद्याने कुणाच्या नावावर असते? यार्डाला काही झालं तर तुमचा हक्क कुठे नोंदलेला आहे? आग किंवा वादळ आलं तर बांधकामाच्या काळातला विमा कुणाचा? वॉन्चीज चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. वकील लावा, आणि नौकांचाच वकील लावा. घर विकून देणारा ओळखीचा वकील इथे कामाचा नाही.

कराचं थोडक्यात. न्यू जर्सीत नौकेवर विक्रीकराचा निम्मा दर आणि जास्तीत जास्त २०,००० डॉलर. फ्लोरिडात कमाल १८,०००. नॉर्थ कॅरोलायनात नौकेवर ३ टक्के, कमाल १,५००. हा शेवटचा आकडा पाहून उड्या मारू नका. नौका जिथे ठेवाल त्या राज्याचा वापरकर, म्हणजे बाहेरून घेऊन आणलेल्या वस्तूवरचा कर, मागून येतोच.

विकायच्या वेळी व्हायकिंगला गिऱ्हाईक लवकर मिळतं. त्याच मॉडेलच्या दहा नौका बाजारात असतात, भाव लोकांना माहीत असतो, बँकेला आणि विमेवाल्यालाही. वॉन्चीजच्या नामवंत यार्डाची नौका भाव धरून ठेवते, कधी तर फारच चांगला, कारण नवीसाठी दोन-तीन वर्षं थांबायची तयारी नसलेले लोक जुनीला जास्त देतात. पण तुम्ही हट्टाने मागून घेतलेलं पूजेचं देवघर किंवा पाच फूट चार इंचांच्या माणसाच्या मापाचा ओटा पुढच्या गिऱ्हाइकाला नकोसा असू शकतो. रंगाचंही लक्षात असू द्या. कोल्ड-मोल्डेड नौका रंगवलेली असते, आणि काही वर्षांनी सगळं अंग पुन्हा रंगवावं लागतं. तो खर्च लहान गाडीच्या नव्हे, लहान घराच्या मापाचा असतो.

दोन गावांच्या मधेही काही आहे. फ्लोरिडात पॉम्पानो बीचला मेरिट घराणं १९४८ पासून आहे, मोजक्याच नौका बांधतं, आणि या धंद्यातले जाणते त्यांचं नाव आदराने घेतात. आमच्या मित्राच्या यादीत ते नव्हतं, कारण त्याला दर महिन्याला काम बघायला जायचं होतं. एडिसनहून न्यू ग्रेटना दीड तास, वॉन्चीज सात-आठ तास. पॉम्पानो म्हणजे विमान.

मग कुणी काय घ्यावं

माझं मत मी त्याच्या स्वयंपाकघरात उभा राहून सांगितलं, आणि ते त्याला लगेच आवडलं नाही. बारा वर्षं समुद्रावर जाऊनही तो नौकेचा मालक कधीच नव्हता. आमिषं कुठे ठेवायची, बर्फ किती लागतो, रात्री उठून इंजिनघरात उतरायला शिडी कोणत्या बाजूला बरी, बायकोला खाली झोपवेल की वर सोफ्यावर, यातलं काहीच त्याला स्वतःच्या अनुभवाने माहीत नाही. वॉन्चीजवाला असे शंभर प्रश्न विचारतो, आणि तुम्ही द्याल ती उत्तरं लाकडात कायमची बसतात. ज्याला उत्तरं ठाऊक आहेत त्याच्यासाठी वॉन्चीजवाल्यासारखा माणूस नाही. दोन-तीन नौका वापरून झालेल्या, स्वतःचा पूर्णवेळ कॅप्टन असलेल्या, दोन वर्षं थांबू शकणाऱ्या आणि मधे खर्च वाढला तरी झोप न उडणाऱ्या मालकाने खुशाल रोअनोक बेटावर जावं. असा मालक मी असतो तर मीही गेलो असतो. ती नाळ पाहिली की मन खरंच तिकडे ओढतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा घेणाऱ्याने कारखान्याची घ्यावी. हे शंभर प्रश्न साठ वर्षं हजारो मालकांनी आधीच विचारून ठेवलेले असतात, त्यांच्या शिव्याही कारखान्याने ऐकलेल्या असतात, आणि त्यातून जे उरलं ते साच्यात बसलेलं असतं. आणि पहिलीच असेल तर शक्यतो नवी नको. आठ-दहा वर्षं वापरलेली, इंजिनांच्या सर्व्हिसच्या नोंदी असलेली पन्नास ते साठ फुटांमधली घ्या. इंजिनांचे तास नुसते विचारू नका, उत्पादकाच्या माणसाला बोलावून संगणकातून काढून घ्या आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. समुद्रात नेऊन पूर्ण जोरावर पळवल्याशिवाय सही करू नका. मालकाचा कॅप्टन ‘काही गरज नाही’ म्हणाला तर गरज नक्की आहे.

एक गोष्ट कॅप्टनांबद्दल. प्रत्येकाला मत असतं, आणि ते बहुतेकदा त्याने सगळ्यात शेवटी चालवलेल्या नौकेचं असतं. ऐकून घ्या, पण तीन वेगवेगळ्या कॅप्टनांचं.

मित्राने महिनाभर घोळ घातला. दोनदा वॉन्चीजला जाऊन आला, फोटो पाठवले, एका शेडमध्ये पालथ्या नौकेवर हात ठेवून उभा राहिलेला त्याचा फोटो अजून आमच्या ग्रुपवर आहे. शेवटी न्यू जर्सीतल्या ‘केप मे’ बंदरात उभी असलेली एक वापरलेली व्हायकिंग ठरवली. त्याच दिवशी दुकानातून दोनशे पानी वही आणली. नौकेवर जे जे खटकेल ते त्यात लिहायचं आणि चार वर्षांनी ती घेऊन रोअनोक बेटावर जायचं, असा बेत आहे. नौका अजून ताब्यात आलेली नाही, तरी पहिलं पान भरलंय: ‘चहाचं पातेलं सरकतं, ओट्याला कठडा हवा.’

सर्व्हे पुढच्या मंगळवारी. हातोडीवाला तोच बुटका गृहस्थ, त्याला मीच फोन केला.